तोफेवर दिलेला मेव्हणा

लोगातेत्सच्या घाटात गाश्पर मोझिनासारखा भित्रा गाडीवान दुसरा झाला नाही. त्रिएस्तच्या बंदराकडे माल नेणारे बाकीचे गाडीवान उतार लागला की घोडी सैल सोडायचे आणि गाणी म्हणत खाली पोचायचे. गाश्पर मात्र माथ्यावरच खाली उतरायचा, मागच्या चाकाला साखळी घालायचा, ती ओढून बघायचा, पुन्हा ओढून बघायचा, आणि घोड्यांच्या तोंडाशी चालत, त्यांच्याशी बोलत अख्खा घाट पायी उतरायचा. लोक हसायचे. "काय रे गाश्पर, घोडी तुला नेतायत की तू घोड्यांना?" हसणाऱ्यांपैकी दोघे पुढे गाड्यांसकट दरीत गेले. माझं तर मत आहे की भित्रेपणावर अर्धं जग चाललंय. उरलेल्या अर्ध्या जगाच्या मयताला आपण जातो.

त्याची बायको नेझा ही गावातल्या लोहाराची मुलगी. तिला एकच भाऊ, ब्लाझ. आईबाप साथीत गेले तेव्हा ब्लाझ अजून रांगत होता. नेझानेच त्याला वाढवला, आणि लग्न होऊन आली ती त्याला बरोबर घेऊनच. मोठा झाला तो चांगला उंच, दणकट आणि तोंडाने भलताच फटकळ. दाजीची थट्टा केल्याशिवाय त्याला घास गिळायचा नाही. गाश्परला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती थट्टा त्याला गोडच लागायची.

मग आमच्या बादशहाने फ्रेंचांशी पुन्हा लढाई काढली आणि सैन्यभरतीत दोघांची नावं निघाली. एकाच पलटणीत, एकाच तुकडीत. निघायच्या दिवशी नेझा गाश्परला गोठ्यात घेऊन गेली.

"अहो, त्याला परत आणा," ती म्हणाली.

"नेझा, लढाई म्हणजे काय बाजार आहे का? माझ्या हातात..."

"तुम्ही भित्रे आहात म्हणून तर तुम्हाला सांगते. शूर माणसाच्या गळ्यात मी त्याला घातला नसता. भित्र्याला धोका आधी दिसतो. तो दिसला की ब्लाझला बाजूला घ्या. बस्स, एवढंच."

गाश्परने मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या भीतीला किंमत दिली होती, आणि ती त्याने जिवापाड जपायची ठरवली.

डॅन्यूबच्या काठच्या सपाटीवर पलटण पोचली तेव्हा गव्हाची पिकं गुडघ्याच्या वर आली होती. घाटातल्या माणसाला सपाटीची मुळातच धास्ती. कुठे आडोसा नाही, दगड नाही, झाड नाही. नजर जाईल तिथपर्यंत मोकळं, आणि मोकळ्यावर सगळ्यांना सगळं दिसतं. गाश्परला तिथे जेवण जाईना.

त्यांचा हवालदार ऊर्बान स्कोक हा तीन लढाया बघितलेला, एक कान अर्धा गेलेला माणूस होता. कवायत तो जर्मनमध्ये ओरडायचा, कारण हुकूम जर्मनमध्येच असत. पण समजावून सांगायचा आपल्या बोलीत. शेकोटीशी बसून त्याने नव्या लोकांना लढाई समजावली, ती अशी:

"नीट ऐका, गाढवांनो. फ्रेंच घोडेस्वार दिसला की आपण एकमेकांना चिकटायचं. अख्ख्या पलटणीचा ठोकळा करायचा, आत वारासुद्धा शिरला नाही पाहिजे. चारी बाजूंनी संगिनी बाहेर. घोडा त्या संगिनींवर येत नाही. पण आपण चिकटलो की त्यांची तोफ मारते. एक गोळा आला की ओळीने आठ-दहा माणसं आडवी. मग वाटतं, पांगावं. पांगलो की घोडा मारतो. आणि घोडा न् तोफ दोघांनी मिळून आपला भुगा केला, की मग येतं त्यांचं पायदळ, खराट्याने झाडून न्यायला."

"मग आपण काय करायचं हवालदारसाहेब?" कोणीतरी विचारलं.

"उभं राहायचं."

"एवढंच?"

"करून बघ एकदा, मग एवढंच म्हण. आपल्यालाही तोफा आहेत, त्या त्यांच्या तोफांना गप्प करतात. आपलेही घोडेस्वार आहेत, ते मागून येऊन त्यांच्या दमलेल्या घोड्यांना हाकलतात. तिघांनी आपापलं काम केलं तर आपण जगतो. तिघांतल्या एकाने कच खाल्ली, की तिघेही मेले."

गाश्परला त्यातली एकच गोष्ट पटली: घोडा संगिनींवर येत नाही. इतकी वर्षं घोड्यांत काढलेली. समोर गच्च उभी माणसं असली की घोडा बिचकतो, वळतो, मागच्या पायांवर उभा राहतो. पण फट दिसली की तिथूनच जातो. गोठ्याचं दार असो नाहीतर कुंपणाचं भगदाड. त्या रात्री तो याच विचारात पडून राहिला. ठोकळ्यात फट पडली तर? आणि नेमकी आपल्या शेजारीच पडली तर?

दुसऱ्या दिवशी तोफवाल्यांची माणसं आली. आमच्या फौजेत तशी रीतच होती. तोफेवर नेम धरणारे, बत्ती लावणारे शिकलेले लोक थोडे. पण तोफ ढकलायला, पहारीने वळवायला, गोळे वाहायला अंगमेहनतीची माणसं लागायची, ती ते जवळच्या पायदळातून मागून घ्यायचे. आम्ही त्यांना तोफेचे बिगारी म्हणायचो.

गाश्परचं डोकं लगेच चालायला लागलं. तोफ लांबून मारते. जी लांबून मारते ती लांब उभी असणार. पायदळाला शत्रूच्या अंगावर जावं लागतं. तोफेला कशाला जावं लागेल? गाडीवानाच्या अकलेने हिशेब अगदी चोख होता. त्याने घरून आणलेली आलुबुखाराच्या दारूची बाटली हवालदाराच्या हातात ठेवली.

"ब्लाझला तोफेवर द्या."

ऊर्बानने बाटली हुंगली. "खात्रीने?"

"खात्रीने."

"मेव्हणा आहे ना तुझा?"

"म्हणूनच."

हवालदाराने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं गाश्परला नंतर आठवायचं. पण बाटली चांगली होती, आणि बिगारी तर द्यायचेच होते. ब्लाझ खुशीत गेला. जाता जाता म्हणाला, "दाजी, तुमचे गुडघे आता एकटेच वाजतील हो. सांभाळा, नाहीतर फ्रेंचांना वाटेल, आपल्याकडे नवा ढोल आलाय!"

लढाईच्या सकाळी तोफा जागेवर लागल्या तेव्हा गाश्परला आपला हिशेब चुकलेला दिसला. तोफा मागे नव्हत्या. तोफा पुढे होत्या. दोन ठोकळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पायदळाच्याही पुढे, उघड्या शेतात सहा तोफा, आणि त्यातल्या जवळच्या तोफेपाशी खांद्यावर पहार घेऊन ब्लाझ उभा. त्याने दाजीला बघून टोपी हलवली.

"हवालदारसाहेब," गाश्पर कसाबसा म्हणाला, "तोफा पुढे का?"

"मागे ठेवून आपल्याच ढुंगणावर मारायचे का गोळे?" ऊर्बान म्हणाला. मग त्याला बहुधा त्या बाटलीची आठवण झाली. आवाज उतरवून तो म्हणाला, "घाबरू नको. घोडेस्वार आले की तोफवाले तोफा सोडून आपल्याकडे पळत येतात. संगिनींच्या खालून रांगत शिरतात आणि आपल्या पायांत पडून राहतात. घोडे गेले की परत तोफेवर. पण एक ध्यानात ठेव. तू पहिल्या रांगेत आहेस. कोणीही येवो, तुझा बाप येवो, बंदूक वर उचलायची नाही. त्यांनी खालून यायचं. तू बंदूक उचललीस की फट पडली, आणि त्या फटीतून बाराशे माणसं मरतील."

घोडेस्वार आले ते आधी ऐकू आले नाहीत, पायांना कळले. जमीन थरथरायला लागली. मग गव्हाच्या वर घोड्यांची डोकी दिसली, मग भाले. ढोल वाजला, ठोकळा आवळला गेला. मागच्याची छाती पाठीला, शेजाऱ्याची कोपरं बरगड्यांना. गाश्परने बंदुकीचा दस्ता मांडीला टेकवून संगीन पुढे धरली. त्याला पळायचं होतं, आणि पळायला जागाच नव्हती. त्या दिवशी तो शूर ठरला त्याचं खरं कारण हेच.

तोफांनी अगदी जवळून एकदा छर्रे फेकले आणि तोफवाले पळत सुटले. "दाजी!" ब्लाझ ओरडत आला, गाश्परच्या समोरच पालथा पडला आणि संगिनींच्या खालून सरपटत आत शिरला. गाश्परने बंदूक बोटभरही हलवली नाही. मेव्हणा त्याच्या दोन पायांच्या मधे, पाय पोटाशी घेऊन पडला होता. घोडे आले, समोर येऊन बिचकले, दोन्ही अंगांनी पाण्यासारखे वाहून गेले. त्यांचा फेस गाश्परच्या तोंडावर उडाला. मग मागून आपले घोडेस्वार सुटले आणि दमलेल्या फ्रेंच घोड्यांना त्यांनी शेतापलीकडच्या उतारापर्यंत हाकलत नेलं. सगळं हवालदाराने सांगितल्याबरहुकूम. जिवंत आहोत, दोघेही जिवंत आहोत, एवढंच गाश्परच्या मनात होतं, आणि त्याला रडू फुटलं.

पण ते घोडे गेले नव्हते. उताराच्या कडेला जाऊन ते पुन्हा रांगा लावून थांबले, भाले दिसत राहतील असे. म्हणजे ठोकळा सोडायची सोय नाही. आणि त्यांच्या बाजूने चार तोफा दौडत आल्या, वळल्या आणि ठोकळ्याच्या समोर उभ्या राहिल्या.

पहिला गोळा डोक्यावरून गेला. दुसरा गाश्परच्या डाव्या अंगाने आत शिरला. आवाज झाला तो ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा, आणि तिथे एक गल्ली पडली. "आवळा! आवळा!" हवालदार ओरडला. गल्ली बुजली. तिसरा गोळा. पुन्हा गल्ली. गाश्परला आता गोळा सुटताना दिसायला लागला. आधी धूर, मग काळा ठिपका, आणि ठिपका आपल्याकडे येतोय की शेजाऱ्याकडे, हे कळेपर्यंतचा तो वेळ. हलायचं नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायचा हुकूम.

तोफवाल्यांचा तरुण अधिकारी, तोंड तोफेच्या धुराने काळं झालेला, ठोकळ्याच्या समोर धावत आला. "तोफांवर! सगळे तोफांवर!" त्याची माणसं एकेक करून संगिनींच्या खालून बाहेर पडली. ब्लाझ उठला नाही. त्याने गाश्परच्या पोटऱ्यांना मिठी घातली होती.

"दाजी, मी नाही जात."

"ब्लाझ..."

"तिकडे आडोसा नाही दाजी. इथेच राहू दे. मी कोणाला दिसत नाही इथे."

दाजीची थट्टा करणारा तो आवाज हाच, यावर विश्वास बसेना. नेझाने हेच सांगितलं होतं: धोका दिसला की त्याला बाजूला घ्या. तो बाजूलाच होता, पायांत होता, गाश्परने नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्यात धूर दिसला, ठिपका दिसला, आणि गाश्परच्या उजवीकडचा माणूस, ज्याच्याबरोबर त्याने सकाळी एका पेल्यातून पाणी प्यालं होतं, नाहीसा झाला. गाश्परच्या तोंडावर गरम काहीतरी उडालं. समोर आपली तोफ मुकी उभी होती, कारण ती वळवायला माणूस नव्हता. ती वाजली तर फ्रेंच तोफा तिच्याकडे वळतील. आपल्याकडे मारायच्या थांबतील.

"ऊठ," गाश्पर म्हणाला.

"दाजी..."

"ऊठ! तोफेवर जा!" आणि त्याने पाय सोडवून घेतला आणि लाथ मारली. एक मारली, पुन्हा मारली, बुटाच्या टाचेने, खांद्यात. ब्लाझ संगिनींच्या खालून बाहेर ढकलला गेला. उठून उभा राहिला. त्याने वळून गाश्परकडे पाहिलं. रागाने नाही. ओळख पटत नसल्यासारखं. मग तो पळत तोफेकडे गेला.

बाराशे माणसांसाठी लाथ मारली, असं कोणी म्हणेल. हवालदाराने तसं म्हटलंही, "शाब्बास मोझिना" म्हणून पाठीवर थापही मारली. पण गाश्परला त्या क्षणी बाराशे माणसं दिसत नव्हती. त्याला स्वतःचं पोट दिसत होतं आणि त्याच्याकडे येणारा ठिपका. हे त्याच्याइतकं स्वच्छ दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

ब्लाझने पहार लावली, तोफ वळली, वाजली. पुन्हा वाजली. फ्रेंच तोफा तिच्याकडे वळल्या आणि ठोकळ्यावरचे गोळे थांबले. गाश्परने श्वास सोडला. त्याला आनंद झाला, लाज वाटावी इतका आनंद झाला.

तेव्हाच उतारावरचे भाले हलले.

या खेपेला ते जास्त वेगाने आले, आणि आपले घोडेस्वार दुसऱ्याच अंगाला गुंतले होते. तोफवाले पळत सुटले, सगळे या ठोकळ्याकडे, कारण हाच जवळ होता. ब्लाझही पळाला. गव्हातून, लांब टांगा टाकत, सरळ गाश्परच्या रोखाने. आणि अर्ध्या वाटेवर त्याने मान वर केली, पहिल्या रांगेत उभा असलेला दाजी त्याला दिसला, आणि त्याचे पाय थबकले. क्षणभरच. मग तो वळला आणि दुसऱ्या ठोकळ्याकडे पळायला लागला. तो दुप्पट लांब होता.

"ब्लाझ!" गाश्पर ओरडला. "इकडे! अरे इकडे!"

आणि त्याने ते केलं जे करायचं नव्हतं. बंदूक उचलली. संगीन आभाळाकडे केली, एक पाऊल पुढे टाकलं, हात पसरला. त्याच्या जागी फट पडली, दार उघडावं तशी. "ये रे! मी धरतो तुला! ये!"

ब्लाझने ऐकलं. त्याने पळता पळता एकदा मागे पाहिलं, हे गाश्परला दिसलं. पण तो वळला नाही. हवालदाराने मागून गाश्परच्या पट्ट्याला धरून त्याला आत खेचला, मुस्काटात मारली, दुसऱ्याने त्याची बंदूक खाली दाबली, फट बुजली. बाकीचे सगळे तोफवाले तोवर पायांत शिरले होते. दोन ठोकळ्यांच्या मधे गव्हात एकटा माणूस पळत होता, आणि एका भालेवाल्याने आपला घोडा त्याच्या मागे घातला. घोडा चांगला होता. फार वेळ लागला नाही.

त्या संध्याकाळी फ्रेंच पायदळ आलं, पण झाडून न्यायला काही मिळालं नाही. ठोकळे उभेच होते. पलटणीचं कौतुक झालं. तोफ, घोडा आणि पायदळ यांनी एकमेकांना कसं सांभाळलं, यावर सेनापतींच्या तंबूत म्हणे बरंच बोलणं झालं. गाश्परने रात्री ब्लाझला शोधून काढला आणि त्याच गव्हात पुरला.

तह झाल्यावर तो घरी आला. "भालेवाल्यांनी मारला," एवढंच त्याने नेझाला सांगितलं. ती रडली, पण त्याला एका शब्दाने बोलली नाही. उलट, "तुम्ही तरी आलात," म्हणाली. तो पुन्हा गाडी हाकायला लागला, घाट पायी उतरायला लागला. नेझाची माया तशीच होती, आणि तीच त्याला रोज टोचायची. ती उठून दार लावायला गेली तरी त्याला वाटायचं, आता विचारेल.

मग एका रविवारी चर्चबाहेर तिला शेजारच्या गावचा येर्नेय भेटला. तोही त्या तोफेवरचाच बिगारी. त्या दिवशी दुपारी दोघं जेवायला बसली. आमच्याकडे घर एकाच वाडग्यातून जेवतं; मधे वाडगं, आणि ज्याचा त्याचा चमचा. नेझाने कुट्टूच्या पिठाची उकड वाढून मधे ठेवली, पण चमचा उचलला नाही.

"येर्नेय म्हणाला, तोफेवरची बाकीची सगळी माणसं आत शिरली."

"हो."

"मग ब्लाझच कसा राहिला? जवळ कुठे जागा नव्हती का हो त्याला?"

खोटं बोलता आलं असतं. घोडा जोरात होता, धूर होता, दिसलं नाही. कोण विचारायला येणार होतं? आणि आयुष्यभर भ्यालेल्या त्या माणसाला त्या घटकेला, का कोण जाणे, भीती वाटली नाही.

"होती," तो म्हणाला. "माझ्या पायांशी."

"मग?"

मग त्याने सांगितलं. बाटलीपासून लाथेपर्यंत, आणि ब्लाझ वळला तिथपर्यंत. काही गाळलं नाही. नेझा ऐकत राहिली. मधे एकदाच तिने विचारलं, "त्याने तुम्हाला बघितलं आणि मग वळला?"

"हो. मला बघून."

ती उठली, फळीवरून दुसरं वाडगं काढलं, मधल्या वाडग्यातलं निम्मं त्यात घेतलं आणि चुलीकडे तोंड करून जेवली. त्यानंतर ती दोघं सत्तावीस वर्षं एका घरात राहिली, आणि त्या घरात रोज दोन वाडगी लागत गेली.